टीपॉयवरची वर्तुळं: प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल

नाशिकच्या रविवार पेठेतला वाडा रिकामा करायला घेतलाय. आत्याचा काल फोन आला, "तो टीपॉय तू घेऊन जा बाई, इथे राहिला तर भंगारवाला नेईल." आज छोटा हत्ती करून गंगापूर रोडला घरी आणला. अस्सल सागवानी, चार पाय, खाली वर्तमानपत्रं ठेवायची फळी. एक पाय किंचित डुगडुगतो, बाकी सांगाडा ठणठणीत आहे.

(टीपॉयचा चहाशी मुळात संबंध नाही. आपल्या 'तिपाई'वरूनच इंग्रजांनी तो शब्द केला, आणि पुढे त्यांच्या कानाला त्यात 'टी' ऐकू यायला लागला. आता मात्र चहाशिवाय टीपॉय कुणाला आठवत नाही.)

ओल्या फडक्यानं धूळ पुसली आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात वरची फळी पाहिली. एकात एक अडकलेली पांढरी वर्तुळं, मोजली तर एकोणीस. एक मोठं काळं वर्तुळ. आणि दाराकडच्या कडेला तळहाताएवढा भाग असा, की तिथे पॉलिशच उरलेलं नाही, बोट लावलं तर खरखरीत.

दुरुस्त तर करायचाच आहे. पण त्याआधी प्रत्येक डाग कशानं पडला ते समजून घ्यायचं ठरवलंय. नाहीतर पाच वर्षांत पुन्हा हीच अवस्था होईल.

१३ एप्रिल

आत्याला फोटो पाठवले. तिनं एकेक डाग ओळखला.

काळं वर्तुळ: त्यावर पत्र्याच्या डब्यात लावलेला मनीप्लँट कित्येक वर्षं होता. डबा बुडाशी गंजला होता, पाणी झिरपायचं.

दाराकडचा उघडा भाग: २०२० मध्ये तिथे सॅनिटायझरची बाटली ठेवलेली असायची. येणारा प्रत्येक जण दाबायचा, दोन थेंब खाली पडायचे.

पांढरी वर्तुळं: "अगं, चहाचे मग आणि फ्रीजमधल्या पाण्याचे ग्लास. आम्ही लहान होतो तेव्हा असलं काही पडलेलं मला आठवत नाही हं." हे शेवटचं वाक्य वहीत अधोरेखित केलंय. टीपॉय तेव्हाही रोज वापरात होता, माणसं तर आतापेक्षा जास्त होती. मग वर्तुळं नंतरच का पडली?

१९ एप्रिल

पॉलिशवाले मिस्त्रीकाका येऊन पाहून गेले. सत्तरीच्या पुढचे आहेत, अजून हातानं लाखेचं पॉलिश करणारे थोडेच राहिलेत, त्यांतले एक. त्यांनी टीपॉय उलटा केला, फळीच्या खालच्या बाजूला कापसाच्या बोळ्यानं स्पिरिटचा एक थेंब लावला आणि थोड्या वेळानं अंगठा टेकवला. अंगठा चिकटला. "लाख आहे ताई. पीयू असतं तर काही झालं नसतं."

(पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, हल्लीचं कृत्रिम पॉलिश.) म्हणजे हा टीपॉय एका किड्यानं दिलेल्या राळेचं कवच घालून बसलाय. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे हा स्राव सोडतात, तो खरवडून, वितळवून, ताणून त्याच्या पातळ पापड्या करतात, तोच चपडा. लाखेवर संशोधन करणारी संस्था रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून आहे. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, म्हणून तर पॉलिश करता येतं. आणि स्पिरिटमध्येच पुन्हा सुटतो, म्हणून सॅनिटायझरनं ती जागा उघडी पडली. सॅनिटायझर म्हणजे बहुतांश अल्कोहोलच. नाशिकच्या घरांत आता वाइनचा ग्लासही दिसतो, त्याचं बूड ओलं असेल तर तोही लाखेवर डाग पाडू शकतो.

पांढऱ्या वर्तुळाबद्दल काकांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं: "लाखेला पाणी लगेच काही करत नाही. सांडलं आणि पुसलं तर काही होत नाही. पण ओला ग्लास तासभर तिथंच राहिला की ती हळूहळू पाणी पिते. आणि गरम कप ठेवला की मऊ पडते, मग वाफ आत शिरते."

थरात पाण्याचे अगदी बारीक कण अडकतात, उजेड त्यांच्यावर विखुरतो आणि तेवढा भाग पांढुरका दिसतो. पहाटे गोदाकाठी धुकं दिसतं तसंच, फक्त हे धुकं लाखेच्या आत. लाख ७५ अंशांच्या आसपास वितळायला लागते, मऊ त्याच्याआधीच पडते. नुकता ओतलेला चहा तेवढा गरम असतोच.

आणि डाग भरीव न पडता वर्तुळच का पडतं, हेही आज लक्षात आलं. कप उलटा करून पाहिला. तो सबंध बुडावर टेकत नाही, बुडाच्या कडेवर टेकतो. ग्लासचं ओघळलेलं पाणीही त्या कडेच्या बारीक फटीतच धरून राहतं.

२० एप्रिल

आज घरातच प्रयोग. दुपारी चार वाजता, ऊन रणरणत होतं. एका ग्लासात बर्फाचं पाणी, एका ग्लासात माठातलं. दोन्ही ग्लास ताटलीसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले, तासाभरानं पुन्हा तोलले. काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो. माठाच्या पाण्याचा ग्लास बाहेरून ठणठणीत कोरडा. बर्फाच्या ग्लासवर ओलसर पापुद्रा आला, पण काट्यावर धड एक ग्रॅमही दिसेना. मला वाटलं होतं उन्हाळ्यात ग्लासला जास्त घाम येईल. उलटंच निघालं.

रात्री बसून विचार केला. ग्लासबाहेरचं पाणी ग्लासातून येत नाही, हवेतून येतं. हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा थंड लागतो. नाशिकचा उन्हाळा कोरडा. हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर दवबिंदू ११ अंशांच्या आसपास येतो. बर्फाचा ग्लास त्याच्या खाली जातो, पण हवेत बाष्पच थोडं, म्हणून पाणी थोडं.

माठाचं तर वेगळंच. माठ पाझरतो तो आतून, आणि ते पाणी उडून जाताना आतलं पाणी गार करतं. असं उडण्यानं गार झालेलं पाणी दवबिंदूच्या खाली कधी जात नाही. म्हणजे माठातलं पाणी ग्लासात ओतलं तर तो ग्लास बाहेरून ओला होणारच नाही, कुठल्याही ऋतूत.

आत्याच्या वाक्याचा अर्धा उलगडा इथे झाला. वाड्यात फ्रीज यायच्या आधी घाम येणारा ग्लासच नव्हता.

२६ एप्रिल

काकांनी पांढरी वर्तुळं घालवायची रीत शिकवली. मलमलच्या फडक्याची कापूस भरलेली पुरचुंडी, तिला स्पिरिटचा नुसता वास लागेल इतकंच, आणि हात कुठेही न थांबवता वर्तुळावरून झरकन फिरवायचा. वरची लाख क्षणभर सैल होते, अडकलेलं पाणी निघून जातं, थर पुन्हा बसतो. पहिलं वर्तुळ तीन फेऱ्यांत गेलं. माझ्या डोळ्यांसमोर. दुसऱ्याला मी अर्धा सेकंद जास्त थांबले तर फडक्याची वीण पॉलिशवर उमटली.

एकोणिसातली चौदा गेली. पाच खोल आहेत. शिवाय काळं वर्तुळ लाखेच्या खाली, थेट लाकडात आहे. त्यामुळे वरची फळी पूर्ण उतरवायचीच, असं शेवटी ठरलं.

३ मे

काळा डाग. साग काय, खैर काय, बाभूळ काय, लाकडात टॅनिन हे तुरट द्रव्य असतं. लोखंडाचा गंज आणि पाणी त्याला भेटलं की काळा रंग तयार होतो. हिरडा (त्यात टॅनिन) आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून जुन्या काळी शाई करायचे, तीच ही प्रक्रिया. म्हणजे त्या डब्यानं इतकी वर्षं टीपॉयवर अक्षरशः शाईनं गोल काढला.

उपाय ऑक्झॅलिक ॲसिड. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. विषारी आहे, म्हणून हातमोजे, खिडक्या उघड्या, आणि वाळल्यावर घासताना तोंडाला मास्क. कोमट पाण्यात विरघळवून सगळ्या फळीला लावलं, नुसत्या डागाला लावलं असतं तर तेवढाच भाग फिका पडला असता. वीस मिनिटांत काळ्याचं तपकिरी झालं. स्वच्छ पाण्यानं दोनदा धुतलं, वाळवलं, पुन्हा एकदा लावलं. आता फिकट सावली उरलीय. आणखी मागे लागणार नाही.

१८ मे

पॉलिश झालं. लिटरभर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅम चपडा, रात्रभर काचेच्या बरणीत भिजवून मलमलमधून गाळलेला. लोखंडी डब्यात ठेवायचा नाही, काळवंडतो. एकूण दहा हात मारले, दर दोन हातांनंतर ३२० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलका. वाड्याच्या मोडक्या झडपेची एक फळी मिळाली होती, तिलाही याच बरणीतलं पॉलिश केलं. ती प्रयोगाची फळी. टीपॉयवर आता कसलेही प्रयोग नाहीत.

काका म्हणाले, पावसाच्या आत उरकलं ते बरं झालं. पावसाळ्यात पॉलिश मारलं तर स्पिरिट उडताना फळी गार पडते, हवेतलं बाष्प तिच्यावर बसतं आणि सगळं पांढुरकं होतं. म्हणजे ग्लास न ठेवताही तोच डाग, फक्त फळीभर.

१ जून

उरलेला अर्धा उलगडा आज आईनं केला. ती चहा घेऊन आली, मला मगात आणि स्वतःला कपबशीत. तिची बशी टीपॉयवर टेकली, माझा मग फळीवर टेकणार तेवढ्यात मीच तो अधांतरी धरला.

बशी! आपल्याकडे कपाखाली कायम बशी होती. सांडलेला चहा ती झेलायची, कपाचं गरम बूड लाकडाला लागू द्यायची नाही, आणि वर चहा गार करून प्यायलाही उपयोगी. पाहुण्याला कुणी काही सांगायची गरजच नव्हती, कप यायचा तोच बशीत बसून. चहाचे मग आले आणि बशी गेली. कोस्टर ही काहीतरी परकी, नाजूक घरांतली हौस आहे असं मला वाटायचं. खरं तर आपण गमावलेल्या बशीची जागाच ती भरून काढते.

त्याही मागे जायचं तर ताटाखाली अडणी होतीच, आणि गोल बुडाच्या घागरीखाली चुंबळ. पण त्यांचं काम वेगळं, भांडं स्थिर ठेवायचं. खाली शेणानं सारवलेली नाहीतर फरशीची जमीन, तिला पाण्याचं भय नव्हतं. पॉलिश केलेलं लाकूड बैठकीत आलं तेव्हा ते भय आलं.

तिकडे इंग्लंडात अठराव्या शतकात जेवणाच्या टेबलावर वाइनची बाटली ज्या तबकडीतून एकाकडून दुसऱ्याकडे सरकवायचे, तिला कोस्टर म्हणत. जर्मनीत बिअरच्या मगाखाली आणि मगावर नमद्याचे (दाबलेल्या लोकरीचे) तुकडे असायचे, ओले झाले की धुऊन पुन्हा वापरायचे. १८९२ मध्ये ड्रेस्डेनच्या रॉबर्ट श्पुटनं लाकडाच्या लगद्याच्या चकत्यांचं पेटंट घेतलं. पाणी पिणारी, स्वस्त, टाकून देता येणारी चकती. हॉटेलात आजही दिसते ती तीच.

६ जुलै

आठवडाभर झड आहे. गोदावरीला पाणी चढलंय, घरात कपडे वाळत नाहीत. म्हणजे प्रयोगाला उत्तम. एप्रिलमधला तोच ग्लास, तेवढाच बर्फ, तोच काटा.

तासाभरात चार ग्रॅम. पाऊण चमचा पाणी, सगळं ओघळून बुडाशी. एप्रिलमध्ये एक ग्रॅमही नव्हतं. हवा फक्त ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असली तरी दवबिंदू २४ अंशांवर जातो. मग बर्फ कशाला, फ्रीजमधलं कुठलंही पाणी पुरतं.

त्याच ग्लासखाली प्रयोगाच्या फळीवर आजीनं विणलेला क्रोशाचा रुमाल ठेवला होता. वाटलं होतं, सुती आहे, पाणी टिपेल. टिपलं, आणि पंधरा मिनिटांत आरपार भिजून ते पाणी लाखेला धरून बसला. दोन तासांनी उचलला तर फळीवर आजीच्या विणीतलं आठ पाकळ्यांचं फूल पांढऱ्यात उमटलेलं. मधली गाठसुद्धा दिसते. कितीतरी वेळ मी ते पाहत बसले होते.

यातून एक गोष्ट नक्की झाली. ओलं राहणारं आसन हे आसन नसण्यापेक्षा वाईट. उघड्यावरचं पाणी निदान उडून तरी जातं.

१३ जुलै

चार दिवस वेगवेगळ्या चकत्या पाहिल्या.

प्लास्टिकची गुळगुळीत चकती पाणी आरपार जाऊ देत नाही, पण पाणी वरच साठतं, ग्लास उचलला की चकती त्याला चिकटून वर येते आणि निम्म्यावर येऊन पडते. स्टीलची बशी चहाच्या मगाला चालते, पण गरम मग थेट तिच्यावर ठेवला तर उष्णता खाली पोचते. त्यापेक्षा चिनीमातीची बरी, ती खालच्या कडेवर उभी असते, मध्ये हवा राहते.

कॉर्क मला सगळ्यात आवडला. झाडाची साल, आत बंद पेशींत हवा, म्हणून चार मिलिमीटरच्या चकतीखाली हात धरला तरी चहाची ऊब जेमतेम लागते. पाणी आरपार जात नाही. पण फारसं पीतही नाही, चार ग्रॅम झालं की कडेवरून ओघळतं.

भाजलेल्या मातीची, बिनचकाकीची चकती कुंभारवाड्यातून आणली. ती पाणी माठासारखी पिते. तासाभराचं सगळं पाणी पिऊन वरून कोरडी. पण खालून दमट होते, आणि तळ खरखरीत, लाखेवर ओढली तर ओरखडे.

तेव्हा वर माती, खाली कॉर्क. मातीनं प्यायचं, कॉर्कनं अडवायचं. इतकं साधं.

२७ जुलै

सहा चकत्या केल्या होत्या, चारचे कॉर्क सुटले. सुतारकामाचा साधा पांढरा गोंद वापरला ही माझी चूक. तो पाण्यातलाच असतो, रोजच्या ओलाव्यानं मऊ पडला. सगळं खरवडून आता दोन नळ्यांचं इपॉक्सी लावलंय. कॉर्क मातीच्या चकतीपेक्षा दोन मिलिमीटर बाहेर ठेवलाय, म्हणजे टीपॉयला मातीची कड लागत नाही.

दुसरी अडचण ओल्या वासाची. पावसात एकावर एक रचून ठेवल्या तर आतल्या वाळत नाहीत. आता ओट्यावर ताटाळ्यात उभ्या ठेवते.

रात्री बाबांशी जरा वाद झाला. त्यांचं म्हणणं, "आलेल्या माणसाला 'इथे ठेवू नका, तिथे ठेवा' म्हणायचं नाही. टेबल माणसांसाठी असतं." मला ते पूर्ण पटतं. पाहुण्याचा हात मध्येच अडवणं मलाही जमत नाही. म्हणून चकत्या टीपॉयवर रचून ठेवायच्याच नाहीत. ट्रेमध्ये प्रत्येक मगाखाली एक घालूनच चहा आणायचा. बशी जशी यायची तशी. बाबा म्हणाले, मग हरकत नाही.

हेही लिहून ठेवते, कारण शेजारच्या वहिनींनी विचारलं: त्यांचं टेबल सनमायकाचं आहे. त्यावर असली वर्तुळं सहसा पडत नाहीत. तिथे जपायचं ते कडांना आणि सांध्यांना. पाणी तिथून आत गेलं की खालचा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) फुगतो, आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. काचेच्या टेबलाला तर नुसतं फडकं पुरे. भय लाखेला, आणि मेण किंवा तेल लावलेल्या लाकडाला. मेलामाइन आणि पीयू पॉलिश बरंच सोसतं, तरी गरम भांडं थेट ठेवू नये.

१० ऑगस्ट

आत्या आली होती. टीपॉयवरून हात फिरवला, काळ्या डागाची सावली तिला लगेच सापडली, "हा बघ मनीप्लँट." चहा ट्रेमधून आला, प्रत्येक मग आपापल्या चकतीवर. तिनं मग उचलला, प्यायली, पुन्हा चकतीवरच ठेवला. मी काही बोलले नव्हते. दीड तास गप्पा झाल्या, बाहेर पाऊस. ती गेल्यावर फळी तिरप्या उजेडात पाहिली, काही नाही.

जाताना तिनं सहातल्या चार चकत्या मागून नेल्या. कुंभारदादांकडे आणखी बारा सांगितल्यात, या वेळी दोन मिलिमीटर पातळ आणि कडेला बारीक उठाव असलेल्या. ते म्हणाले, गणपती होऊ द्या, मग करून देतो.